जखमी खेळाडू ठेवू नये

फुटबॉलचा संघ कसा निवडावा, हे मला विचारा. नवऱ्याची निवड जरा घाईत झाली, पण संघ निवडण्यात माझा हात धरणारं माणूस निदान कर्वेनगरात तरी नाही. आमच्या ऑफिसच्या लीगमध्ये मी, वल्लरी, लागोपाठ तीन वर्षं पहिली आले आहे. म्हणूनच नवा हंगाम सुरू होण्याआधी सगळ्यांसाठी सल्ला लिहायचा मान यंदा माझ्याकडे आला, असं तुम्हाला वाटलं तर मी ते खोडून काढणार नाही. याआधी हा मान रणजितकडे असायचा. त्याचा सल्ला दरवर्षी एकाच ओळीचा. "आवडतो तो घ्या." मी मात्र सविस्तर लिहिणार आहे.

यंदा नवीन मंडळी आहेत, त्यामुळे आधी खेळ सांगते. सामने खरे, इंग्लंडमधले. आपण पुण्यात बसून त्यांतले खेळाडू निवडायचे आणि आपला कागदोपत्री संघ करायचा. आपल्या खेळाडूने तिकडे खरा गोल केला की इकडे आपल्याला गुण. आमच्या लीगचा कडक नियम असा की एक खेळाडू एकाच्याच संघात. म्हणून ऑगस्टमध्ये एका शनिवारी दुपारी सगळे माझ्या घरी जमतात, पोळ्यांच्या डब्यातून चिठ्ठ्या उचलतात आणि पाळीपाळीने खेळाडू घेतात. एकदा उचलला की तो तुमचा. पुढे कुणी जखमी झाला तर त्याला काढून उरलेल्यांतला एखादा घेता येतो. दर आठवड्याला सामन्यांआधी अकरा जण लावायचे, बाकीचे बेंचवर. तिकडच्या त्या पोरांना यातलं काही ठाऊक नसतं. ती आपली खेळतात, आणि सोमवारी सकाळी हडपसरच्या ऑफिसात आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

गेल्या वर्षी आमच्यातला सूरज कॅनडाला गेला आणि ऐन वेळी एक जागा रिकामी झाली. वरद म्हणाला, "बाबांना घे ना. दिवसभर घरात सगळ्यांच्या चुका काढतात, तिकडे तरी काढतील." वरद म्हणजे तो घाईतला नवरा. बाबा म्हणजे माझे सासरे, गोपाळकृष्ण. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयात एक स्टेंट. माणूस नियमाचा इतका पक्का की रस्त्यावर एकही गाडी नसताना पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलला थांबतो. पुण्यात.

"मला फुटबॉलमधलं काही कळत नाही," बाबा म्हणाले.

"कळायची गरजच नाही, बाबा. कळणारेच हरतात. फक्त नियम पाळायचे."

"कोणाचे?"

"माझे."

मग जेवणाच्या टेबलावर मी त्यांना माझी विद्या दिली. तिशी ओलांडलेला खेळाडू घेऊ नये. नावाला भुलू नये. भावनेच्या भरात निवड करू नये. जखमी खेळाडू ठेवू नये, बातमी आली त्या संध्याकाळी काढून टाकावा, बरा होईल म्हणून वाट बघत बसू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या वर्षीच्या गोलांचे या वर्षी गुण मिळत नाहीत. हे शेवटचं वाक्य बाबांना फार आवडलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि ताकाचं भांडं खाली ठेवून म्हणाले, "खात्यात ही अक्कल असती तर निम्मी माणसं घरी बसली असती."

माझ्या सासूबाई, हेमाताई, आमटी वाढत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "कुणाची तरी पोरं आहेत ती. भाजी निवडल्यासारखं काय बोलता?"

निवडीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. रणजितने पहिल्याच फेरीत एक पस्तिशीचा, दोन्ही गुडघे गेलेला स्ट्रायकर उचलला, कारण शाळेत असल्यापासून तो त्याला आवडतो. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं खात्यात ते सही नसलेल्या अर्जाकडे बघत असतील. त्यांनी स्वतः सगळी विशी-बाविशीची, धडधाकट, कुणी नाव न ऐकलेली पोरं घेतली. डिसेंबरात बाबा पहिले होते. मी दुसरी. रणजित नेहमीप्रमाणे तळाला. बागेतल्या कट्ट्यावर बाबा आता पेन्शनवाल्यांना सल्ला देऊ लागले. घरी येऊन मला म्हणायचे, "तुझे नियम उत्तम आहेत. तू ते पाळत नाहीस, एवढंच."

जानेवारीत हे सगळं अंगाशी आलं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं खेळत होती. त्यांचा चेंडू घरंगळत बाबांच्या पायाशी आला. लीगमध्ये पहिला असलेला माणूस चेंडू हाताने उचलून देईल का? बाबांनी तीन पावलं मागे घेतली आणि चपलेसकट लाथ मारली. चेंडू जागच्या जागी राहिला. चप्पल सेक्रेटरींच्या गाडीच्या काचेवर गेली. आणि बाबा कुशीवर पडले, ते उठले नाहीत. मी खाली धावले तेव्हा ते पांढरेफटक पडले होते, पण मुलांना सांगत होते, "बूट घातल्याशिवाय खेळू नये."

खुब्याचं हाड मोडलं होतं.

हाडांच्या डॉक्टर तरुण होत्या, डॉक्टर अस्मिता. त्यांनी वरदला आणि मला बाहेर बोलावून सरळ सांगितलं. लवकरात लवकर ऑपरेशन करून खुब्याचा गोळा बदलायला हवा. हृदय बघता धोका आहे, नाही असं नाही. पण ऑपरेशन नाही केलं, तर ते पलंगावरून उठणार नाहीत, मग पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल, आणि पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. वरद लगेच हो म्हणाला. आम्ही आत गेलो, तर बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "करायचं नाही."

"अहो बाबा, असं काय?" मी म्हणाले.

"विचार करून सांगतोय. वय अठ्ठ्याहत्तर. खुबा मोडलेला. हृदयाचा इतिहास. वल्लरी, असा खेळाडू तू ठेवशील?"

मला हसावं की काय ते कळेना. "बाबा, तो खेळ आहे."

"नियम हा नियम असतो. जखमी खेळाडू ठेवू नये, बरा होईल म्हणून वाट बघत बसू नये. तुझं वाक्य. पाळलं म्हणून मी पहिला आहे."

"पण तुम्ही... बाबा, तुम्ही या घरासाठी केवढं केलंय."

"मागच्या वर्षीच्या गोलांचे या वर्षी गुण मिळत नाहीत," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

ते थट्टा करत नव्हते. घाबरलेला माणूस समजावता येतो. बाबा घाबरलेले नव्हते, त्यांना ते पटलेलं होतं. आणि पटवून दिलेलं होतं मी, ताक पीत पीत.

संध्याकाळी विश्रांतवाडीहून माझी नणंद आली. ऋचा वरदपेक्षा धाकटी, पण आवाजाने थोरली. तिने बाबांचं म्हणणं ऐकलं आणि कॉरिडॉरमध्ये सगळ्या मजल्याला कळेल अशा बेताने विचारलं, "वहिनी, म्हातारी माणसं काढून टाकायची, हे तू बाबांच्या डोक्यात भरवलंस?"

"म्हातारी माणसं नाही, खेळाडू. तिशीच्या पुढचे."

"तिशीच्या? मी चौतीस वर्षांची आहे!"

शेजारच्या बाकावरच्या बाईंनी आपली पिशवी माझ्यापासून लांब सरकवली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेविका मला शोधत आल्या. आवाज एकदम मऊ. "बसा ना. आपण जरा मोकळेपणी बोलू." मी बसले. "पेशंट म्हणतात, सूनबाईंचा नियम आहे. अधू झालेलं माणूस त्याच संध्याकाळी काढून टाकायचं. घरात असं बोलणं झालंय का?"

"झालंय. पण ते इंग्लंडच्या माणसांबद्दल होतं."

"आणि जागा रिकामी झाली की तरुण माणूस आणायचं, असंही?"

"हो, म्हणजे बेंचवर."

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी त्यांना लीग समजावून सांगितली. पाळीपाळीची निवड, पोळ्यांचा डबा, सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हाला झोप नीट लागते ना?" त्यानंतर मी बाबांना पाणी जरी दिलं तरी सिस्टर दारात येऊन उभ्या राहू लागल्या.

वरद बापापुढे नुसता बसून राहायचा. ऋचा रडायची, मग बाबा म्हणायचे, "भावनेच्या भरात निवड करू नये." डॉक्टर अस्मिता आल्या की घड्याळाकडे बघायच्या. उशीर करण्यासारखं नाही, एवढंच त्या म्हणत, आणि प्रत्येक वेळी जरा हळू आवाजात म्हणत.

शेवटचा उपाय म्हणून मी रणजितला बोलावलं. म्हातारे, लंगडे खेळाडू जिवापाड सांभाळणारा माझ्या ओळखीत तोच एक. तो मांजरीहून आईने दिलेला डबा घेऊन आला, पलंगाच्या पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, "काका, माझा त्यो स्ट्रायकर दिवाळीपासनं खेळला न्हाई. मी काढला का? अजून हाय संघात."

"गुण किती मिळाले त्याचे?"

"शून्य."

"आणि तुम्ही कितवे?"

"शेवटचा. पर काका, शनिवारी त्यो निदान बाकावर तरी दिसतोय का, म्हणून मी टीव्ही लावतो. तुमचं तसं कोण हाय तुमच्या संघात?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. मला आशा वाटली. मग ते म्हणाले, "म्हणून तुम्ही शेवटचे." रणजितने डबा ठेवला आणि बाहेर येऊन डोळे पुसले.

हे चाललेलं असताना सासूबाई खिडकीशी बसून मोसंबी सोलत होत्या. बाबा पडल्यापासून त्या जवळजवळ बोललेल्याच नव्हत्या. दोष मला दिला नव्हता, बाबांना समजावलंही नव्हतं. त्यांनी सालं कागदात गुंडाळली आणि मला विचारलं, "वल्लरी, तुमच्या त्या खेळात कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं, हे ठरवतं कोण?"

"ज्याचा संघ असेल तो, आई."

"आणि खेळाडू?"

"खेळाडूला कोणी विचारत नाही."

"तो म्हणाला की मला काढा, तरी?"

"त्याला पत्ताच नसतो. तो काय म्हणणार?"

"म्हणजे खेळाडूला स्वतःला काढता येत नाही. असा नियमच आहे."

"हो. तसाच आहे."

सासूबाई उठल्या आणि पलंगाजवळ गेल्या. "ऐकलंत? तुम्ही खेळाडू आहात. स्वतःला काढायला निघालात, ते कुठल्या नियमाने? संघ माझा आहे. नारायण पेठेत चहा-पोह्यांना आलात तेव्हा मी निवडलंय तुम्हाला. तेव्हाही काही फार चांगला खेळ नव्हता तुमचा. दोन वाक्यं बोललात, त्यातलं एक पोह्यांत मीठ जास्त आहे, हे होतं. तरी घेतलं. तेव्हापासून मी तुम्हाला काढलेलं नाही. काढायचं असतं तर कारणं कमी नव्हती."

"हेमा, अगं—"

"मला तुम्हाला काढायचं नाही अजून." इथे त्यांचा आवाज फाटला. "गुण मिळोत, न मिळोत. मी वाट बघणार आहे. माझा संघ आहे, मी बघेन."

बाबा वरच्या पंख्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "वल्लरी, हे नियमात बसतं?"

"बसतं, बाबा."

"नक्की?"

"यावर अपील नाही."

त्यांनी पेनसाठी हात पुढे केला. संमतीपत्रावर सही करताना त्यांनी त्यातली एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली. मग स्वतःचा फोन सासूबाईंच्या हातात दिला. "मी आत असेन तोवर माझा संघ तू बघ. कुणाला हात लावू नकोस."

"मी लावणारच नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

इथे मी गोष्ट संपवली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण ऑपरेशननंतर बाबांची तब्येत बिघडली. छातीत कफ झाला. ते आयसीयूत कुणाला ओळखेनात. सिस्टरना ते खात्यातले साहेब समजायचे आणि रजेचा अर्ज मंजूर करा म्हणून विनवायचे. वरदला त्यांनी विचारलं, "आपलं काय काम आहे?" वरद बाहेर येऊन जिन्यात बसला. एका शनिवारी दुपारी डॉक्टर अस्मितांनी आम्हाला बोलावलं. श्वास कमी पडतोय, व्हेंटिलेटर लावावा लागेल, लावूनही खात्री देता येत नाही, काय करायचं? वरद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासूबाई आदल्या रात्रीच्या जागरणाने खुर्चीतच झोपल्या होत्या. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण असल्या बाबतीत माझी ख्याती होती.

"लावा," मी म्हणाले. "वाट बघू."

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. संघ लावायची वेळ संपत आली होती आणि माझ्या कागदोपत्री संघात मी ज्याला कर्णधार केलं होतं, त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटल्याची बातमी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी असली बातमी वाचली आणि फोन परत खिशात टाकला. त्या पोराचं वय एकवीस होतं. त्याची आई कुठल्यातरी हॉस्पिटलच्या बाहेर अशीच बसली असेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं, आणि मला रडू कोसळलं. समाजसेविका नेमक्या तेव्हाच समोरून जात होत्या. त्यांनी मला पाण्याची बाटली आणून दिली. माझ्याविषयीचं त्यांचं मत तेव्हा बदललं असावं.

बाबा वाचले. नळी निघाल्यावर त्यांनी डोळे उघडले, आमच्यावर एक नजर फिरवली आणि घशातून खरखरत पहिला प्रश्न विचारला, "कितवा?"

"पहिले आहात, बाबा."

"हं," म्हणून ते परत झोपले. ते खोटं होतं. सासूबाईंनी दिलेला शब्द पाळला होता, कुणालाही हात लावला नव्हता, आणि बाबांचा संघ चौथा होता.

पूर्वीचे बाबा मात्र घरी परत आलेले नाहीत, हेही लिहायला हवं. वॉकर घेऊन ते सोसायटीच्या फाटकापर्यंत जातात, आणि परत येईपर्यंत आम्ही गॅलरीत श्वास धरून उभे असतो. बाथरूमला एकटं जायची परवानगी नाही. कधी कधी बोलता बोलता त्यांना नाव आठवत नाही, मग ते चिडतात आणि चहात साखर कमी असल्याचं सांगतात. सासूबाई साखर घालत नाहीत. "माझ्या संघात आहात, मुकाट्याने प्या," म्हणतात. यंदा त्या स्वतः लीगमध्ये उतरताहेत. खेळाडूंचे फोटो बघून त्यांनी जी नावं ठरवली आहेत, ती सगळी दुखापतीतून उठलेल्यांची आहेत. रणजितने त्यांना आदराने नमस्कार केला.

माझ्या त्या कर्णधाराचं सांगायचं राहिलं. पुढे मला वेळ होता. हंगाम मे महिन्यापर्यंत चालला. जागेवर दुसरा घ्यायला चांगले खेळाडूही शिल्लक होते. दर आठवड्याला मी त्याचं नाव काढायला बसायचे आणि हात व्हायचा नाही. मग दुसरा एक जखमी झाला, त्यालाही ठेवला. मग तिसरा. बाबा आरामखुर्चीतून माझी यादी बघायचे आणि कपाळाला हात लावायचे. "या वर्षी तुझ्याकडे संघ नाही, वॉर्ड आहे."

मेमध्ये हंगाम संपला तेव्हा रणजितने अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. आयुष्यात पहिल्यांदा तो शेवटून दुसरा आला होता.

तर माझा सल्ला. बरेच दिवस विचार केला आणि रणजितचीच ओळ तशीच ठेवते आहे, आवडतो तो घ्या. फक्त शेवटी जोडते, आणि मग काढू नका.

नवीन मंडळींना एक गोष्ट सांगायची राहिली. हा सल्ला लिहायचा मान आमच्या लीगमध्ये दरवर्षी एकालाच मिळतो. जो शेवटचा आला त्याला.